दुसरी साक्ष

बाईंवर चार ओळी लिहून द्या, असं त्यांच्या भाचीनं मला त्या गेल्या तेव्हाच सांगितलं होतं. मी हो म्हणालो आणि लिहिलं नाही. पुढे कधी डोळ्यांचं ऑपरेशन, कधी गावाकडचं काम, अशी कारणं देत राहिलो. मग तिनं विचारणं सोडलं, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. बाईंबद्दल लिहायचं तर एका दुपारबद्दल लिहावं लागतं, आणि त्या दुपारी मी कुठे होतो हे सांगावं लागतं. ते आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरीही नाही.

बाई उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून द्यायच्या त्या काळातल्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी त्यांचा मोबाइल वाजला की त्या कानाला लावून म्हणायच्या, "नंबर प्लीज." पलीकडचा नवीन असेल तर गोंधळायचा. आम्ही ओळखीचे सवयीनं आपापल्या गावाचं नाव सांगायचो, मी म्हणायचो, "अंबरनाथ." मग त्या बोलायला लागायच्या.

त्यांचा ढगांचा नाद त्या खुर्चीवरच सुरू झाला. मे महिन्यात दुपारी पुण्याच्या लाइनवर खरखर सुरू झाली की बाईंना कळायचं, घाटात वीज पडतेय. त्या बोलणाऱ्यांच्या मध्येच सांगायच्या, "लवकर आटपा, लाइन जाणार आहे." बाहेर लख्ख ऊन असायचं. व्यापारी चिडायचे, आणि थोड्या वेळानं लाइन जायची. उल्हासनगरच्या सिंधी घरांतून पुढेपुढे बायकांचे फोन यायला लागले. कॉल लावायचा नसायचा. विचारायचं इतकंच असायचं, की गच्चीवर पापड वाळत घातलेत, ठेवू की काढू? बाई हेडफोन कानाला दाबून पुण्याची लाइन ऐकायच्या आणि सांगायच्या, "काढा."

त्यातल्याच एका घरातला मुलगा पुढे कापडाचा दुकानदार झाला. तोही आमच्या हवा बघणाऱ्यांच्या गटात होता. त्याच्या दुकानावरची गच्ची म्हणजे आमचं उल्हासनगरचं ठाणं. तो बाईंना दादी म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा बाई फणकारल्या, "मी काय तुझी आजी आहे का रे?" तो हात जोडून म्हणाला, "नही नही, आमच्यात दादी म्हणजे मोठी बहन." बाईंना सिंधी समजत होती. हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांना ते त्याच्या तोंडून ऐकायचं असावं.

आमचा गट म्हणजे मोबाइलवरचा. कुळगाव, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर इथले हवेचा नाद असलेले लोक. वळवाचे दिवस आले की दुपारी ज्याच्या त्याच्या गच्चीवरून पूर्वेकडे बघायचं, घाटावर ढग कसे चढतात ते कळवायचं. मी रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. अंबरनाथच्या आनंदनगरला आमच्या शेडवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडकत असायची. गॅस गळला तर कुठल्या बाजूला पळायचं ते तिच्याकडे बघून ठरवायचं. मी सगळी नोकरी तिच्याकडे बघत काढली. निवृत्त झाल्यावर मान वर करायची सवय राहिली, म्हणून या लोकांत आलो, आणि वयानं मोठा म्हणून गट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

बाई त्यांच्या जुन्या स्कुटीवरून ढगाच्या मागे जायच्या. म्हणजे खरं तर पुढे जायच्या. ढग कुठे येणार ते बघून तिथे आधी जाऊन थांबायच्या. डोक्याला ओला पंचा, पुढच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि एक जुना ट्रान्झिस्टर. त्यावर त्या कधी गाणी ऐकत नसत. काटा मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत ठेवायचा. तिथे नुसती सूं असते. लांब कुठे वीज पडली की त्यात चर्र होतं. ते चर्र दाट व्हायला लागलं की त्या बोट वर करून म्हणायच्या, "थांबा, बोलतोय." मग समोर कुणीही असो, काहीही सांगत असो, गप्प बसायचं.

गटात कळवायची रीत त्यांनीच घालून दिली होती. आधी जागा, मग तोंड कुठल्या दिशेला, मग काय दिसतं. विशेषण चालायचं नाही. कुणी "प्रचंड काळे ढग" असं लिहिलं की त्यांचं उत्तर यायचं, "प्रचंड काढा. काळे राहू द्या." एकदा मी लिहिलं, "भयंकर ढग आलेत." बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सुपरवायझर, भयंकर ही कुठली दिशा?" सगळे हसले. दुकानदारानं हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. मीही एक हसरा चेहरा टाकला. मनातून मात्र मला ते लागलं होतं.

बाईंना आयुष्यात एक गोष्ट बघायची होती. ढगातून उतरणारी, गरगर फिरणाऱ्या वाऱ्याची सोंड. लोक वाऱ्याच्या कुठल्याही थैमानाला चक्रीवादळ म्हणतात, त्यावर त्या वैतागायच्या. "चक्रीवादळ समुद्राचं. वावटळ जमिनीची, धुळीची. मी म्हणते ती ढगाची. वरून खाली येते." आपल्याकडे ती फार क्वचित होते आणि झाली तरी बघायला तिथे कुणी नसतं, असं त्या म्हणायच्या. दुकानदार चेष्टा करायचा, "दादी, दिसली तर काय करणार? हार घालणार?" बाई म्हणायच्या, "जागा आणि दिशा कळवणार. आणखी काय करायचं असतं?"

दोन साक्षींचा नियम मात्र माझा. त्यामागे एक प्रसंग होता. एका वर्षी बाईंनी बदलापूरच्या एका सोसायटीला गारा येतील म्हणून कळवलं. त्यांची पूजा आणि जेवण मैदानात होतं. त्यांनी घाईघाईनं सगळं पार्किंगमध्ये हलवलं. लोक स्कूटरांच्या मधे बसून जेवले, आणि गारा राहिल्या बाजूला, साधा थेंब पडला नाही. पुढे कित्येक दिवस बाई भाजी घ्यायला गेल्या तरी कुणी ना कुणी विचारायचं, "मावशी, आज छत्री घेऊ का पातेलं?"

त्यानंतर मी ठरवलं की दोन वेगळ्या गावांतून दोन माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गटाबाहेर कुणालाही इशारा द्यायचा नाही. बाईंना आवर घालायला मी तो नियम केला होता. मला वाटलं, त्या भांडतील. उलट त्या खूश झाल्या. "चांगलं केलंत. एका डोळ्याला अंतर कळत नाही. दोन ठिकाणांहून बघितलं तरच ढग नेमका कुठल्या गावावर आहे ते कळेल." मी ज्याला लगाम समजत होतो ते त्यांनी हत्यार म्हणून घेतलं. गटातला कुणीही नियम विसरला तर बाईच आठवण करायच्या, "दुसरी साक्ष कुणाची?"

बदलापूरच्या बाजूची दुसरी साक्ष अंबरनाथची. म्हणजे माझी. आमची इमारत पूर्वेला आहे, आणि गच्चीवरून आग्नेयेला थेट घाटापर्यंत दिसतं.

त्या दुपारी मी आमरस-पुरी जेवून पलंगावर पडलो होतो. पंखा जोरात होता. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. मोबाइल वाजला. बाईंचा संदेश होता. "चामटोली रस्ता. तोंड पूर्वेला. ढगाचा तळ गोल फिरतोय. अंबरनाथ?"

पाठोपाठ दुकानदारानं लिहिलं, "उल्हासनगर, दुकान. ढगाचा वरचा भाग दिसतो. तळ दिसत नाही, बिल्डिंग आड येते."

सगळे माझ्यासाठी थांबले होते. दोन जिने चढून वर जायचं, एवढंच काम होतं. उन्हानं गच्ची तापलेली होती, हे एक. पण मला तेवढ्यावर सुटता येणार नाही. 'भयंकर ही कुठली दिशा' हे त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. थांबू दे त्यांना जरा, असं वाटलं. फिरतोय म्हणे तळ. मी मोबाइलवर रडारचं चित्र उघडलं. ते आधीचं असतं, ताजं नसतं, हे मला माहीत होतं. त्यात आमच्या बाजूला काही नव्हतं. मी पडल्यापडल्या लिहिलं, "अंबरनाथ पूर्व, गच्ची. तोंड आग्नेयेला. काही नाही."

बाईंचं उत्तर आलं, "पुन्हा बघा."

मी लिहिलं, "बघितलं."



पुढचं मला नंतर बदलापूरजवळच्या त्या चामटोली गावातल्या एका लग्नघरातल्या माणसाकडून कळलं. नवऱ्या मुलीचा काका. गावातली हळद होती. रस्त्याला लागून मोकळ्या जागेत मोठा मांडव, लोखंडी पाइप, वर पत्रे, आत बायकामुलं, नाच, मोठमोठे स्पीकर. बाई स्कुटी लावून आत गेल्या आणि म्हणाल्या, "पोरांना पक्क्या घरात न्या. मांडव परत बांधता येईल."

काका म्हणाला, "आमाला वाटला म्हातारीला ऊन लागला. बदलापूरच्या गारांची गोष्ट आमच्या गावात पन ठाव होती ना. आमचा भाऊस बोलला, काय गो मावशे, आज काय आनलंस, गारा का बरफ? सगली हसली. तिच्यावर कोन चिडला पन नाय. सरबत दिला तिला."

बाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला. आभाळाकडे बघितलं. मग मुलीसमोरची हळदीची परात उचलली आणि पळत सुटल्या.

सत्तरी गाठलेली बाई, डोक्याला ओला पंचा, हातात भरली परात. देवाला दाखवलेली हळद. काका सांगत होता, "सगल्या बायका मागं. आजी मागं, मामी मागं, नवरी पन उठली. शिव्या तर काय विचारू नका. पोरं मज्जा बघायला मागं. ती जी गेली ती देवळाच्या हॉलमदी. स्लॅबचा हॉल हाय तो. आमी सगली आत घुसलो तिला धरायला. तिनं परात कोपऱ्यात ठेवली नि दारात आडवी उभी रायली. बोलली, आता मारा मला, पन हितंच."

तेवढ्यात वारा आला. काकाला तो आवाज सांगता येईना. त्यानं दोन्ही तळहात कानांवर ठेवून दाखवलं. मांडव पाइपांसकट उचलला गेला. पत्रे पलीकडच्या शेतात सापडले. एक स्पीकर विहिरीत मिळाला.

स्वयंपाकी माणूस चुलीपाशीच राहिला होता. वारा सुरू होताच त्याला हाक मारायला बाई दाराबाहेर गेल्या. तो धावत आत आला. बाई वळल्या आणि मांडवाचा एक पाइप त्यांच्या कमरेवर आला. खुबा मोडला. गावातल्या बाकी कुणालाही फारसं लागलं नाही.

त्या वेळी मी काय करत होतो, तर आमच्याकडे लाइट गेले. पंखा बंद पडला. उकाड्यानं जीव घाबरा झाला म्हणून मी वर गेलो. बाईंसाठी गेलो नाही, हे नीट लिहून ठेवतो.

जिन्याचं दार उघडलं आणि समोर आग्नेयेला तो ढग होता. डोंगरांच्या वर डोंगर रचल्यासारखा. आणि त्याच्या तळातून खाली एक बारीक, वाकडी सोंड लोंबत होती. पांढरी. ऊन माझ्या पाठीमागून तिच्यावर पडत होतं. ती जमिनीला टेकली होती की नव्हती ते मधल्या इमारतींमुळे दिसलं नाही. ती हळूहळू कलली, बारीक झाली, मधूनच तुटली आणि वर गेली. मोबाइल माझ्या हातात होता. फोटो काढायचं सुचलं नाही. कळवायचं सुचलं होतं. पण आता कळवलं असतं तर पहिल्या संदेशाचं काय, असा विचार आला. मी मोबाइल खिशात ठेवला आणि खाली आलो.

पुढच्या रविवारी दुकानदाराकडे सगळे जमलो. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून चहा घेतला. दोघातिघांचं म्हणणं पडलं की बाईंनी नियम मोडला, दुसरी साक्ष नसताना गावात जाऊन गोंधळ घातला. दुकानदार चिडला. "अरे, लोग बच गये ना! अजून काय पाहिजे तुम्हाला?" मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "साईं, तुम्ही सांगा. तुम्ही गच्चीवर होता."

मी म्हणालो, "मला काही दिसलं नाही. वारा असेल. वाऱ्यानंही मांडव उडतात. बाईंचा हेतू चांगला होता, पण नियम तो नियम."

माझा आवाज स्थिर होता. मला आठवतं, कारण मलाच त्याचं आश्चर्य वाटलं. त्या वर्षी आमच्या गटानं चामटोलीची नोंद केली ती अशी: वारा. सोंड नाही. बाईंनी जन्मभर जिची वाट पाहिली ती त्यांना दिसली, आणि ती न दिसल्याची साक्ष मी दिली. मी तेव्हाच वर गेलो असतो तर दुसरी साक्ष मिळाली असती आणि दुकानदारानं तिथल्या तिथे गावात फोन केला असता. बाईंना परात घेऊन पळावं लागलं नसतं.

दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो तेव्हा नवरीकडची माणसं येऊन गेली होती. ती परात त्यांनी बाईंना भेट दिली होती. स्वच्छ घासलेली, पण काठाला पिवळेपणा राहिला होता. बाईंनी ती उशाशी ठेवून घेतली होती आणि त्यात औषधांच्या गोळ्या मांडल्या होत्या.

"सुपरवायझर, बसा," त्या म्हणाल्या. "नोंद ऐकली मी. बरोबर आहे. साक्ष एकच होती."

मी स्टुलावर बसलो.

"मला ती फक्त खालून दिसली. डोक्यावर होती, म्हणून काळी. तुमच्याकडून पांढरी दिसली असती. ऊन तुमच्या पाठीशी होतं." त्या छताकडे बघत होत्या. "थोडी वाकडी असेल. नंतर तरी गेला होता का हो वर? शेवटी शेवटी? तुटताना कशी दिसते ते मला बघायचं होतं."

मी जे पाहिलं होतं ते त्या मला पलंगावरून सांगत होत्या. मला नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढ्यानं त्यांची नोंद बदलली असती. त्यांनी मला दोष दिला नसता असं आता वाटतं. आधी सांगितलं असतं की जागा सांगा, दिशा सांगा.

मी म्हणालो, "नाही. लाइट गेले होते. मी खालीच होतो."

"हं," बाई म्हणाल्या. मग भाचीला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, साखर कमी. माझी साखर कमी हे त्यांच्या लक्षात होतं.

त्यानंतर त्या गच्चीवर कधी गेल्या नाहीत. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालायच्या. बदलापूर पश्चिमेला भाचीकडे खिडकीशी त्यांचा पलंग होता, आणि उशाशी ट्रान्झिस्टर. मी अधूनमधून जायचो. दर वेळी जाताना रिक्षात वाक्य जुळवायचो आणि येताना तेच वाक्य परत घेऊन यायचो.

शेवटचा गेलो तो पुढच्या उन्हाळ्यात. बाई फार वाळल्या होत्या. दुपार होती. भाची आत होती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणालो, "बाई, त्या चामटोलीच्या दिवशी मी..."

ट्रान्झिस्टर चरचरला. बाईंचं बोट वर झालं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बोलतोय."

मी थांबलो. आम्ही दोघं ऐकत बसलो. चर्र, मग सूं, मग पुन्हा चर्र. लांब घाटात कुठे तरी वीज पडत होती. बराच वेळ चाललं होतं ते. नंतर चरचर विरळ झाली तरी बोट तसंच वर होतं, आणि मग हळूच चादरीवर आलं. त्यांना डोळा लागला होता. त्यांना उठवून सांगता आलं असतं. मी ट्रान्झिस्टर बंद केला नाही, फक्त आवाज बारीक केला आणि घरी आलो. पुन्हा जाईपर्यंत बाई राहिल्या नाहीत.

त्यांचा नंबर गटात अजून आहे, तो काढायचं काम माझ्याकडे होतं. मी काढलेला नाही. त्या दुपारच्या त्यांच्या प्रश्नाखाली माझं उत्तर तसंच आहे. बाई, त्याच्या जागी हे घ्या. विशेषणं काढली आहेत.

अंबरनाथ पूर्व. आधी पलंग, मग गच्ची. तोंड आग्नेयेला. ढगाखाली सोंड. पांढरी, वाकडी. मधून तुटून वर गेली. मी पाहिली. उशिरा पाहिली, आणि तुम्हाला सांगितलं नाही.